कायमचा पत्ता

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की वृत्तपत्रांतून एखाद्या बालगृहातील मुलाचे अगर मुलीचे छायाचित्र झळकते. आईबापांचे छत्र नसताना या मुलाने ऐंशी-नव्वद टक्के गुण मिळविले, याचे कौतुक होते. संस्थाचालक पेढा भरवितात, पुढारी शाल घालतात, दोन-चार दाते पुढील शिक्षणासाठी धनादेश देतात. हे कौतुक खोटे नसते आणि त्या मुलाचे कष्ट तर मुळीच खोटे नसतात. परंतु त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी ज्या दिवशी तो अठरा वर्षांचा होतो, त्या दिवशीचे त्याचे छायाचित्र कोणी छापीत नाही. त्या दिवशी तो एक बॅग आणि कागदपत्रांची एक फाईल घेऊन संस्थेच्या फाटकाबाहेर पडतो. कायद्याच्या दृष्टीने तो आता बालक राहिलेला नसतो आणि समाजाच्या दृष्टीने तो अद्याप कोणीच झालेला नसतो.

अठराव्या वर्षाची ही तारीखदेखील पुष्कळदा कागदाने ठरविलेली असते. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून ही जन्मतारीख लिहावयाची, हा महाराष्ट्रातला जुना रिवाज आहे. ज्यांचा जन्म कोठेच नोंदला गेला नाही अशा मुलांचे वय वैद्यकीय तपासणीने ठरविले जाते, आणि त्या तपासणीत वर्ष-दीड वर्षाचा फरक सहज पडू शकतो. म्हणजे ज्या मुलाला आपण खरोखर केव्हा जन्मलो हे ठाऊक नाही, त्याचे घर एका अंदाजी तारखेला सुटते. घरात वाढलेल्या मुलाला अठराव्या वाढदिवशी कोणी घराबाहेर काढीत नाही. त्याचे शिक्षण, नोकरी, किंबहुना लग्नदेखील आईबापांच्या छपराखाली होते. ज्याच्या पाठीशी कोणी नाही, त्यानेच मात्र सर्वांच्या आधी आपल्या पायांवर उभे राहावे, अशी आपली अपेक्षा असते.

आमच्या एका सहकाऱ्याकडे काही दिवसांपूर्वी असाच एक तरुण आला होता. बारावी उत्तीर्ण, अक्षर सुरेख, बोलणे अतिशय नम्र. बँकेत खाते उघडण्याचा अर्ज त्याने दोनदा घरी नेला होता आणि दोन्ही वेळा तो अर्धा कोरा राहिला होता. ‘कायमचा पत्ता’ या रकान्यापाशी त्याचे पेन थांबत होते. संस्थेचा पत्ता लिहावा, तर तेथे आता आपण राहत नाही. न लिहावा, तर दुसरा पत्ताच नाही. खिडकीपलीकडच्या कारकुनाला विचारले असते तर पाच मिनिटांत प्रश्न सुटला असता. तेच त्याला जमले नाही. ‘साहेब, तिथे कोणाला हाक कशी मारायची, तेच कळेना’, असे तो म्हणाला. बारा वर्षे ज्याने रोज प्रार्थना म्हटली, पाढे म्हटले, पाहुण्यांसमोर स्वागतगीत म्हटले, त्याला एका अपरिचित माणसाला हाक मारावयास कोणी शिकविले नव्हते.

हा दोष त्या तरुणाचा नव्हे. समाजात वावरण्याचे कौशल्य ही मुले जन्मतः घेऊन येत नाहीत. घरातली मुलेही आणीत नाहीत. वाण्याकडून पावशेर साखर आणावयास आई पाठविते, सुटे पैसे कमी आले तर पुन्हा पाठविते, आणि त्या दोन खेपांत पोरगा हिशेबही शिकतो व वाण्याशी भांडावयासही शिकतो. आत्याकडे चार दिवस राहिल्याने परक्या घरची रीत कळते. आजारी माणसाला भेटावयास गेले की तेथे काय बोलू नये हे समजते. वडिलांचा राग कोठवर ताणता येतो आणि कोठे सोडून द्यावा लागतो, हेही रोजच्या धडपडीतून उमगते. याला आपण शिक्षण म्हणत नाही, कारण ते श्वासासारखे आपोआप चालते.

बालगृहात नेमके हेच घडत नाही. तेथे साखर पोत्याने येते. उठण्याची घंटा, जेवणाची घंटा, झोपण्याची घंटा. कपडे एका गठ्ठ्यातून वाटले जातात. केस एकाच दिवशी, एकाच मापाने कापले जातात. काय खावे, केव्हा निजावे, कोणती शाखा घ्यावी, यांपैकी एकही निर्णय मुलाचा नसतो. अशा जीवनात दोन कौशल्ये उत्तम येतात : हुकूम पाळण्याचे आणि हुकूम चुकविण्याचे. मागणे, नाकारणे, मतभेद असूनही मैत्री टिकविणे, चूक झाली तर ती सांगून निस्तरणे ही कौशल्ये या दोहोंच्या मधल्या जागेत असतात, आणि ती मधली जागाच संस्थेच्या दिनक्रमात नसते.

आत्मसन्मानाची कथा याहूनही कठीण आहे. शहरातील सुखवस्तू कुटुंबांत आपला अगर मुलाबाळांचा वाढदिवस बालगृहात साजरा करण्याची पद्धत पडली आहे. हेतू चांगला असतो, हे आम्ही मान्य करतो. पण क्षणभर त्या चौदा वर्षांच्या मुलाच्या जागी बसून पाहावे. रांगेत बसावयाचे, परक्या मुलाच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवावयाच्या, केकचा तुकडा घ्यावयाचा, ‘थँक्यू काका’ म्हणावयाचे आणि छायाचित्रासाठी हसावयाचे. वर्षातून पंचवीस-तीस वेळा कृतज्ञ व्हावयाचे आणि आपल्या हातून मात्र कोणालाही काही द्यावयाचे नाही. जो केवळ घेणारा आहे, ज्याच्यावाचून कोणाचे काही अडत नाही, त्याला आपली किंमत कशी वाटावी? मनुष्याला स्वतःविषयी आदर वाटतो तो कोणी पाठ थोपटली म्हणून नव्हे. आपल्यावर कोणीतरी विसंबून आहे, हे जाणवते म्हणून. केकच्या तुकड्याने तोंड गोड होते, पण मान ताठ होत नाही.

त्यातच आपल्या समाजाची एक खोड आहे. नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न नावाचा, दुसरा आडनावाचा, तिसरा गावाचा आणि चौथा ‘वडील काय करतात?’ हा. आपल्याला हे आपुलकीचे प्रश्न वाटतात. वस्तुतः त्यांतले निम्मे प्रश्न जात हुडकण्यासाठी असतात. बालगृहातील मुलाला या चारही प्रश्नांना धड उत्तर नसते. त्यामुळे शाळेत तो ‘होममधला’ ठरतो, वसतिगृहात तो गप्प राहतो, भाड्याची खोली शोधताना खोटे बोलतो, आणि खोटे उघडे पडेल या धास्तीने मैत्री तोडतो. याला मानसशास्त्रात आत्मविश्वासाचा अभाव म्हणत असतील. आम्ही म्हणू की, कुळावरून माणूस तोलणाऱ्या समाजाने आपला दोष त्या मुलाच्या खात्यावर मांडला आहे. म्हणूनच हा प्रश्न केवळ समुपदेशकांवर सोपवून चालणार नाही. तो समतेचा प्रश्न आहे.

संस्थेत वाढण्याचे परिणाम शास्त्रज्ञांनीही तपासले आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या विनंतीवरून जॉन बौल्बी यांनी १९५१ साली सादर केलेल्या अहवालाने मातेच्या अगर मातेसमान व्यक्तीच्या अखंड सहवासाचे मोल जगापुढे मांडले. या शतकाच्या आरंभी रुमानियातील बुखारेस्ट येथे १३६ लहान मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. अनाथालयांतील या मुलांपैकी ज्यांना पालक-कुटुंबांत ठेवले, त्यांची बौद्धिक वाढ व जिव्हाळा जोडण्याची शक्ती संस्थेत राहिलेल्या मुलांहून चांगली आढळली; आणि जितक्या लहान वयात कुटुंब लाभले तितका लाभ मोठा दिसला. यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. भिंती कितीही स्वच्छ असोत, ‘हे माझे माणूस’ असे ज्याच्याविषयी म्हणता येईल अशा एका माणसाची जागा त्या भरून काढू शकत नाहीत.

मात्र यावरून ‘आता किशोरवयीन मुलांचे काय व्हायचे ते होऊन गेले’, असे म्हणून हात झटकणे चुकीचे ठरेल. तेरा ते अठरा हे ‘मी कोण?’ असे विचारण्याचे वय असते आणि त्या प्रश्नाचे उत्तर पुन्हा नव्याने रचता येते. त्यासाठी काय करावे लागते, हे शिकावयास दूर जाण्याचे कारण नाही. जोतीराव व सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे जन्मलेल्या यशवंताला त्यांनी आश्रित म्हणून नव्हे, मुलगा म्हणून वाढविले. पुढे तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईंनी देह ठेवला तो त्याच्याच खांद्याला खांदा लावून. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले, ज्याला १९२७ साली गांधीजींच्या हस्ते शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. तेथील मुले दळीत, स्वयंपाक करीत, शेतात राबत व एका पंगतीत जेवीत. त्यांत गरिबी होती, पण मिंधेपणा नव्हता. कारण भाकरीत प्रत्येकाचा हात होता. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या झाडीत, त्यांची अंथरुणे आवरीत. मुलांना स्वच्छता शिकविण्याचा तो एक उपाय होताच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की आपल्यासाठी एक मोठा माणूस वाकतो, हे त्या मुलांना दिसत होते.

परदेशातील एक उदाहरणही सांगावेसे वाटते. वॉर्सा शहरातील डॉक्टर यानुश कोर्चाक यांनी १९१२ पासून चालविलेल्या अनाथगृहात मुलांचे न्यायालय होते. न्यायाधीश मुलेच असत, आणि मुलांना मोठ्यांवरही फिर्याद करता येई. स्वतः कोर्चाक त्या न्यायालयापुढे उभे राहिले होते. १९४२ साली नाझींनी त्या अनाथगृहातील सुमारे दोनशे मुलांना मृत्युछावणीकडे नेले, तेव्हा स्वतःचा जीव वाचविण्याच्या सूचना नाकारून हा मनुष्य त्यांच्याबरोबर गेला. मुलांचा सन्मान म्हणजे काय, याची यापेक्षा वेगळी व्याख्या करण्याची आवश्यकता नाही.

आपल्या कायद्याला या गोष्टी अगदीच ठाऊक नाहीत असे नव्हे. मुंबई इलाख्यात १९२४ साली मुलांसाठी पहिला स्वतंत्र कायदा झाला. पुढे १९४८ चा मुंबईचा कायदा, नंतर १९८६ व २००० चे केंद्रीय कायदे, आणि आज २०१५ चा बाल न्याय अधिनियम. या अधिनियमाने संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला आहे. प्रत्येक संस्थेत जीवनकौशल्य शिक्षण व समुपदेशन असावे, प्रत्येक मुलाचा स्वतंत्र संगोपन आराखडा असावा, मुलांच्या समित्या असाव्यात, असे त्यात व त्याखालील नियमांत लिहिले आहे. सहा ते दहा, अकरा ते पंधरा व सोळा ते अठरा अशा तीन वयोगटांच्या या समित्या केवळ मुलांच्याच असावयाच्या आहेत. किती बालगृहांतून त्या खरोखर भरतात, त्यांच्या ठरावावर किती अधीक्षक कार्यवाही करतात, हे आपापल्या जिल्ह्यात जाऊन विचारावे. बहुतेक ठिकाणी एक वही दाखविली जाईल. तिच्यातील अक्षर मात्र मोठ्या माणसाचे असेल.

जीवनकौशल्यांचेही असेच झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने निर्णय घेणे, समस्या सोडविणे, संवाद साधणे, स्वतःला ओळखणे, भावनांचे नियमन करणे अशी दहा कौशल्ये सांगितली आहेत. यादी उत्तम आहे. पण तीन दिवसांचे शिबिर घेऊन, भिंतीवर तक्ते लावून ‘निर्णय कसा घ्यावा’ हे शिकवावयाचे आणि चौथ्या दिवशी मुलाला भाजी कोणती हवी हेही विचारावयाचे नाही, हा विनोद झाला. काठावर बसवून पोहणे शिकविता येत नाही. सोळा वर्षांच्या मुलांच्या हाती आठवड्याचा भाजीचा खर्च द्यावा. हिशेब चुकला तर चुकू द्यावा. त्यांनी बँकेत, टपालात, दवाखान्यात, तहसील कचेरीत स्वतः जावे. लहान मुलांचा अभ्यास मोठ्यांनी घ्यावा. पाहुण्यांनी काही आणावयाचे असेल तर आधी मुलांच्या समितीला विचारावे, आणि समितीला ‘नको’ म्हणण्याचा अधिकार असावा.

यावर संस्थाचालक विचारतील : मुलगा बाहेर गेला आणि पळाला तर? हा प्रश्न प्रामाणिक आहे. मूल पळाले की चौकशी होते, आणि शिक्षा बहुधा अधीक्षकालाच होते. कोंडून ठेवलेले मूल मनाने खचले, तर कोणाचीही चौकशी होत नाही. मग कुलूप हाच अधीक्षकाचा विमा ठरतो. शिवाय जे काळजीवाहक चोवीस तास मुलांमध्ये राहतात, त्यांचे मानधन तुटपुंजे असते. स्वयंसेवी संस्थांना अनुदानासाठी खेटे घालावे लागतात, आणि अनुदान थकले की मानधनही थकते. माणसे टिकत नाहीत. ज्या मुलाला आधीच एकदा आपल्या माणसांनी सोडलेले असते, त्याला दर वर्षा-दीड वर्षाने नवा ‘काका’ अगर नवी ‘ताई’ सोडून जाते. श्रमिकाचा सन्मान न राखता त्याच्याकडून मुलांचा सन्मान राखला जाण्याची अपेक्षा करता येत नाही. बालगृहातील कर्मचाऱ्यांचा वेतनाचा लढा आणि मुलांचा हक्क हे दोन वेगळे विषय नव्हेत.

मुलींच्या बाबतीत कुलूप आणखी मोठे असते. २०१८ साली बिहारमधील मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातील अत्याचार टाटा समाजविज्ञान संस्थेच्या सामाजिक लेखापरीक्षणामुळे उघडकीस आले. बंद दारे मुलींचे रक्षण करीत नाहीत. ती कित्येकदा अपराध्यांचे रक्षण करतात, हा त्या प्रकरणाचा धडा आहे. आणि ज्या मुली सुखरूप मोठ्या होतात, त्यांचे पुनर्वसन म्हणजे लग्न, ही समजूत अजून आपल्या मनांतून गेलेली नाही. ज्या मुलीने आयुष्यात एकदाही ‘नाही’ म्हटलेले नाही, ती पाहावयास आलेल्या मुलाला ‘नाही’ कशी म्हणणार?

आता अठराव्या वर्षाकडे वळू. अधिनियमाच्या ४६ व्या कलमाप्रमाणे संस्था सोडणाऱ्या तरुणास आर्थिक साह्य ‘देता येईल’. दिलेच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. एकवीस वर्षांपर्यंत व अपवाद म्हणून त्यापुढे दोन वर्षे अनुरक्षणाची सोय असू शकते. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्यासाठी दरमहा ४००० रुपये धरले आहेत. पुण्या-मुंबईत कॉट बेसिसवरची जागा आणि मेस यांतच ही रक्कम संपते. वही, बसभाडे, औषध यांचा विचार दूरच. शिवाय अनुरक्षणगृहे थोडी, आणि आपल्याला असा हक्क आहे हे ठाऊक असलेले तरुण त्याहून थोडे. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अनाथांसाठी एक टक्का आरक्षण दिले, याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु आरक्षणाच्या दारापर्यंत पोहोचावयाचे तर पदवी हवी, पदवीसाठी तीन-चार वर्षे डोक्यावर छप्पर हवे, आणि छप्पर तर अठराव्या वर्षीच काढून घेतलेले असते.

आणखी एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. बालगृहांतील बहुसंख्य मुले अनाथ नसतात. त्यांची आई अगर वडील, पुष्कळदा दोघेही, हयात असतात. २०२० च्या महामारीत संस्थांतील मुले मोठ्या संख्येने पालकांकडे पाठविण्यात आली, तेव्हा हे सर्वांनाच दिसले. ऊसतोडीला जाणारे जोडपे, धुणीभांडी करणारी परित्यक्ता, दारूने अगर आजाराने उद्ध्वस्त झालेले घर, ही या मुलांची खरी पार्श्वभूमी आहे. या आईच्या हाती वेळीच पैसा पडला असता तर ते मूल घरीच वाढले असते. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत २०२३ पासून दरमहा २२५० रुपये मिळतात. ही योजना चांगली आहे. तिची रक्कम वाढणे, ती वेळेवर मिळणे आणि अर्ज तालुक्याच्या पातळीवर निकालात निघणे आवश्यक आहे. दारिद्र्यामुळे मूल आईपासून तोडावयाचे आणि मग त्याला आत्मसन्मानाचे धडे द्यावयाचे, हा उलटा कारभार थांबला पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. ४६ व्या कलमातील ‘देता येईल’ हे शब्द जाऊन ‘दिले पाहिजे’ असे शब्द यावेत. अनुरक्षणाचे साह्य शिक्षण अगर प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत मिळावे व ते महागाईशी जोडलेले असावे. संस्था सोडण्यापूर्वी प्रत्येक तरुणाच्या हाती आधार, रहिवास व अनाथत्वाचे प्रमाणपत्र, स्वतःच्या नावाचे बँक खाते आणि शिधापत्रिका असावी. मुलांच्या समित्यांचे इतिवृत्त बालकल्याण समितीने स्वतः तपासावे आणि मुलांशी एकांतात बोलावे. काळजीवाहकांना किमान वेतन व नोकरीची शाश्वती मिळावी.

परंतु सारे शासनावर टाकून मोकळे होणे ही आपली परंपरा नव्हे. प्रत्येक जिल्ह्यात आपले कार्यकर्ते आहेत, युवक मंडळे आहेत, अभ्यासवर्ग आहेत. बालगृहातील मुलांना आपल्या शिबिरांत, खेळांत, श्रमदानात रीतसर परवानगी काढून सामील करून घ्यावे; तेही पाहुणे म्हणून नव्हे, बरोबरीचे म्हणून. तेथे त्यांना काम सांगावे, जबाबदारी द्यावी, चुकले तर इतरांसारखेच बोलावे. वर्षातून एकदा केक घेऊन जाण्यापेक्षा महिन्यातून दोनदा ठरल्या दिवशी, रिकाम्या हाताने जावे आणि ते जाणे पाच वर्षे चुकवू नये. या मुलांना दिलेला शब्द मोडण्यासारखे पाप नाही. तेव्हा जेवढे निभेल तेवढेच बोलावे. आणि अठरा वर्षे पूर्ण झालेल्या तरुणाला खोली मिळवून देताना, नोकरीच्या ठिकाणी जामीन राहताना, दवाखान्यात ‘नातेवाईक’ या रकान्यात सही करताना आपल्यापैकी कोणीतरी त्याच्या शेजारी उभे असावे.

त्या तरुणाच्या अर्जाचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. आमच्या सहकाऱ्याने त्याला बँकेत नेले, पण खिडकीपाशी त्यालाच पुढे केले. तो बोलला, अडखळत, पण बोलला. कारकुनाने कोणता कागद जोडावा ते सांगितले. कायमच्या पत्त्याच्या रकान्यात त्याने आमच्या सहकाऱ्याचा पत्ता लिहिला, आणि त्यासाठी लागणारे संमतीपत्र आमच्या सहकाऱ्याने तेथेच उभ्या उभ्या लिहून दिले. दर दिवाळीला आता तो त्या पत्त्यावर येतो, आणि येताना फराळाचा डबा स्वतः घेऊन येतो.